ठराव झाला म्हणता, पण लिहिलाय कुठे?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

ह्या महिन्यात खाणी, प्रकल्प आणि आंदोलनांवर पत्रं खूप आली, आणि व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका, एका भावाने चक्क सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवलाय. सगळी घेता येत नाहीत. नावं आणि गावं नेहमीसारखी छापत नाही, तालुका पुरे, कारण आपल्याकडे वाडीचं नाव छापलं की घर कुठलं ते पोस्टमनला पण विचारायला लागत नाही.

प्रश्न : ताई, आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चिरेखाण चालू आहे. आधी एक मशीन होतं, आता चार. डंपर शाळेसमोरनं जातात, काजूच्या मोहोरावर लाल धूळ बसते आणि खालचा झरा आता शिमग्यालाच आटतो. ग्रामसभेत विषय काढायचा तर कोरम होत नाही, निम्म्या घरांना कुलूप आहे. मुंबईच्या मंडळाने विरोधाचा ठराव करून पाठवलाय, सत्तर जणांच्या सह्या आहेत. तो चालेल का? (राजापूर तालुका)

उत्तर : दादा, स्पष्टच सांगते, मंडळाचा ठराव गावात वाचून दाखवायला छान आहे, तहसीलदाराच्या टेबलावर त्याला किंमत नाही. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत ज्यांचं नाव आहे ते लोक. ज्यांनी नाव मुंबईला हलवलं ते भाऊबंद असतील, पैसे देतील, मोर्चाला येतील, पण ग्रामसभेत त्यांचा हात मोजत नाहीत. तेव्हा पहिलं काम म्हणजे यादी काढा आणि बघा किती जण खरंच गावात आहेत. कोरमचं म्हणाल तर एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, ह्यातला जो आकडा कमी असेल तो. सहाशे मतदारांच्या गावाला नव्वद माणसं लागतात, ती जमतात हो, रेशनच्या दिवशी जमतात की. आणि कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर घाबरू नका, तहकूब सभेला कोरमची अट नसते, फक्त मूळ अजेंड्यावर नसलेला नवा विषय तिथे घेता येत नाही. म्हणून चिरेखाणीचा विषय आधीच, लेखी अर्ज देऊन, अजेंड्यावर घालून घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ ह्या खात्यात ढकलला की तो संपला.

आणि सभेत सगळ्यांनी हो हो म्हटलं, टाळ्या पडल्या, लोक घरी गेले, म्हणजे ठराव झाला असं नसतं. प्रोसिडिंग बुकात काय लिहिलंय ते बघा. मी अशी बुकं वाचलीत ज्यात तीन तासांच्या भांडणाची नोंद ‘खाणीबाबत चर्चा करण्यात आली’ एवढीच होती. सूचक कोण, अनुमोदक कोण, ठरावाचा नंबर किती, हे लिहून होईपर्यंत कोणीतरी ग्रामसेवकाच्या शेजारी बसून राहा, चहा पाजा हवं तर, आणि आठवड्याभरात नक्कल मागा.

आता हेही सांगते की ग्रामसभेचा ठराव म्हणजे बंदीहुकूम नाही. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा) लागू नाही, त्यामुळे ‘ग्रामसभा सर्वोच्च’ असं भाषणात म्हणतात तसं कागदावर होत नाही. मग कशाला करायचा? कारण पुढच्या प्रत्येक दारात, मग ते कलेक्टर असो की कोर्ट, पहिला प्रश्न हाच येतो की गावाचं म्हणणं काय. माधव गाडगीळांची पश्चिम घाट समिती फिरत होती तेव्हा सिंधुदुर्गातल्या २५ गावांनी आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ग्रामसभेचे ठराव दिले होते. २०११ च्या अहवालाला पुढे किती पाय फुटले आणि किती तोडले ते आपण बघितलंच, पण त्या गावांची नावं आजही निघतात ती त्या ठरावांमुळे.

तुमच्या खाणीसाठी खरं हत्यार वेगळं आहे. चिरा म्हणजे जांभा, तो गौण खनिजात येतो, त्याला महसूल खात्याचा परवाना लागतो आणि परवान्यात गट नंबर, क्षेत्र, मुदत आणि किती ब्रास काढायचा ते लिहिलेलं असतं. माहिती अधिकारात हेच मागा. अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा ठेवा, महाराष्ट्रात तसा नियमच आहे, लोक चार पानं रामायण लिहितात आणि अर्ज फेटाळला म्हणून रडतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

तोवर खड्डा मोजा. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. समजा खड्डा शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद आणि दहा फूट खोल आहे, तर पन्नास हजार घनफूट, म्हणजे पाचशे ब्रास. परवाना दोनशेचा निघाला तर तुमचं भांडण धुळीचं राहिलं नाही, ते सरकारच्या बुडालेल्या रॉयल्टीचं झालं, आणि सरकार धुळीपेक्षा रॉयल्टीला जास्त लवकर जागं होतं. ते म्हणतील वेस्टेज खूप जातं, निम्मा भुगा होतो. म्हणू दे, पण पंचनाम्यात लिहून घ्या. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, मशीन आणि डंपर पण जप्त होतात. फक्त खाणीत विचारल्याशिवाय उतरू नका, खासगी जागेत घुसले म्हणून उलटी तक्रार तुमच्यावर व्हायची. लांबी-रुंदी गुगल अर्थवर पण मोजता येते, कॉलेजातल्या कुठल्याही पोराला सांगा. आणि झरा कधी आटला ते आत्तापासून तारखेनिशी वहीत लिहायला लागा. सडा म्हणजे नुसता काळा दगड नाही, पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं आणि पायथ्याला झऱ्यातून निघतं, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे पण साहेबाला वहीतली तारीख लागते. खाण किती लहान आहे म्हणून गप्प बसू नका. जुलै २०२१ मध्ये दोडामार्गातल्या कळण्याला खाणीचा बांध फुटून चिखलाचं पाणी घरात बागेत शिरलं होतं, ती खाण मोठी होती हे खरं, पण पाणी तसंच खाली येतं.

प्रश्न : आमच्याकडे एका प्रकल्पाची पर्यावरण जनसुनावणी लागलीय. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो बहिष्कार टाकायचा, मंडपाबाहेर काळे झेंडे लावून बसायचं. दुसरा म्हणतो आत जाऊन बोलायचं. काय करावं? (गुहागर तालुका)

उत्तर : आत जा. झेंडे घेऊन आत जा हवं तर.

कारण ऐका. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीला कोरमच नाही. तुम्ही सगळे बाहेर बसलात आणि आत कंपनीने टेम्पोत भरून आणलेली चाळीस माणसं बसली तरी सुनावणी ‘झाली’, आणि तिथे झालेलं बोलणंच दिल्लीला किंवा मुंबईला जाणार. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा नसलेला प्रतिनिधी. नोटीस किमान तीस दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात हवी, अहवालाचा सारांश मराठीत हवा आणि तो ग्रामपंचायतीत वाचायला ठेवलेला हवा. ह्यातलं एक जरी राहिलं असेल तर तेच तुमचं पहिलं वाक्य, माइक हातात आल्यावर भावना वगैरे नंतर.

बोलायचं ते थोडं आणि मुद्द्याचं. पन्नास जण उठून ‘आमचा विरोध आहे’ म्हणाले तर मिनिट्समध्ये एक ओळ येते. त्यापेक्षा वाटून घ्या. एकाने विहिरी बोलायच्या, एकीने तिसऱ्या-कालवं कुठल्या खडपात मिळतात ते बोलायचं, बागायतदाराने कलमं किती आणि राखेने मोहोराचं काय होतं ते, होडीवाल्याने जाळी कुठे टाकतात आणि गरम पाणी कुठे सोडणार ते. आणि प्रत्येकाने तेच लेखी देऊन पोच घ्यायची, शिक्का तारखेसकट. शेवटी मिनिट्स तिथल्या तिथे मराठीत वाचून दाखवायची असतात, ते वाचल्याशिवाय मंडप सोडू नका, जेवण थंड झालं तर होऊ दे. व्हिडिओ शूटिंग त्यांचं असतंच, तुमचं पण करा.

मंजुरी मिळालीच तर हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या कोर्टाकडे, तीस दिवसांत अपील, सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळतात, त्यानंतर दार बंद. कैक गावं इथेच चुकली, वकील शोधण्यात गणपती गेले आणि दिवस संपले. जैतापूरच्या अणुप्रकल्पाला नोव्हेंबर २०१० मध्ये मंजुरी आली ती ३५ अटी घालून आली होती, म्हणजे मंजुरी म्हणजे मोकळं रान नव्हे, अटी वाचायच्या असतात, आणि कुठली पाळली नाही त्यावर बोट ठेवायचं असतं. त्याला वर्षानुवर्षं बसावं लागतं हे मात्र आहे.

प्रश्न : ताई, मी रस्त्यावर बसणाऱ्या बायकांमधली एक. मला आणि माझ्या मुलाला पोलिसांची नोटीस आलीय. मुलाचं वय एकवीस, त्याला मर्चंट नेव्हीत जायचंय, पासपोर्ट करायचाय. घरात रोज भांडण, सासरे म्हणतात तुझ्या आंदोलनापायी पोराचं वाटोळं होणार. मी मागे सरू का? (देवगड तालुका)

उत्तर : वहिनी, आधी नोटीस नीट वाचा, कुठलं कलम आहे ते बघा, कारण ‘पोलिसांची नोटीस’ ह्या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी असतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं म्हणजे बीएनएसएसचं कलम १६८ असेल (जुनं १४९) तर ती नुसती ताकीद आहे, गुन्हा नाही, घ्यायची आणि फाइलला लावायची. कलम १२६ असेल (जुनं १०७) तर ती आपल्याकडे ज्याला चॅप्टर केस म्हणतात ती, तहसीलदारासमोर जाऊन शांतता राखेन असा बाँड मागतात, तीही शिक्षा नाही, पण तारखेला हजर राहायचंच, नाही गेलं की वॉरंट. कलम ३५(३) असेल (जुनं ४१-अ) तर मात्र एफआयआर झालेला आहे आणि चौकशीला बोलावलंय, तिथे वकील घेऊन जा, हजर राहिलात तर साधारणपणे अटक करत नाहीत. आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७(१)(३) चा मनाई आदेश असेल तर तो सगळ्या भागाला असतो, तुमच्या एकटीला नाही.

पासपोर्ट अडतो तो कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर, आणि तेव्हाही कोर्टाची परवानगी घेऊन मिळू शकतो. ताकीद आणि चॅप्टर म्हणजे असा खटला नव्हे. पोलिस पडताळणीत कोणी तसं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. एफआयआरची प्रत पोलिसांच्या वेबसाइटवर साधारण चोवीस तासांत टाकायची असते, ती काढा आणि मुलाचं नाव खरंच आहे का बघा, बऱ्याचदा ‘आणि इतर शंभर’ असं असतं आणि आपण इतरांमध्ये असतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, कायदाच आहे १९८७ चा.

मागे सरू का हे मी कोण सांगणार. पण एक म्हणेन, मुलाला पुढे करू नका. आपल्याकडे रिवाजच पडलाय, बायका पुढे आणि तरुण पोरं बाजूला मोबाइल घेऊन, त्यातला पहिला रिवाज बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या देशाने बघितला, रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या गाड्यांसमोर बायका उन्हात रस्त्यावर झोपल्या होत्या. त्यांचा मान राखूनच बोलते, झोपायला बायका आणि नंतर अधिकाऱ्यांशी बोलणीला टेबलाशी कोण? पाच पुरुष. तुम्ही रस्त्यावर बसत असाल तर टेबलाशी पण बसा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, ती कागदावरच उरकली जाते, ती खरी घ्यायला लावा. आणि सासऱ्यांना नोटीस वाचून दाखवा, कलमं समजली की निम्मी भीती जाते. निम्मी राहते ती बरोबर आहे. राजापुरात फेब्रुवारी २०२३ मध्ये शशिकांत वारिशे ह्या पत्रकाराचा गाडीखाली जीव गेला आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा धमकी आली तर ती कितीही फालतू वाटली तरी लेखी तक्रार द्या, रात्री एकटीने बैठकीहून येऊ नका.

प्रश्न : आम्ही खाडीत पाग टाकून पोट भरणारे भोई. वरच्या अंगाला एमआयडीसी आहे. पहिल्या पावसात पाणी काळं होतं, मासे पोटं वर करून तरंगतात, साहेब चार दिवसांनी येतात तेव्हा पाणी स्वच्छ. पुरावा कसा ठेवायचा? (खेड तालुका)

उत्तर : तुम्ही बाटलीत भरून ठेवलेलं पाणी दाखवायला चालतं, पण कोर्टात कंपनीवर लावायला मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच लागतो, जल कायदा १९७४ तसं सांगतो. म्हणून वेळ हा सगळ्यात मोठा पुरावा. मासे दिसले त्या मिनिटाला प्रदूषण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला फोन, लगेच ईमेल, मत्स्य खात्याला आणि तलाठ्याला पण, म्हणजे चार दिवसांनी आले तर ‘आम्ही ह्या तारखेला इतक्या वाजता कळवलं होतं’ हे तरी कागदावर राहतं. भरती होती की ओहोटी तेही लिहा, पाणी कुठून आलं ते त्यावरून कळतं. तलाठ्याकडून मेलेल्या माशांचा पंचनामा, जात आणि अंदाजे किलो.

दुसरं म्हणजे खाडीवर पोट असलेल्या घरांची यादी, आत्ताच, वाडीवार, होडी आहे का, परवाना आहे का, मासे कुठल्या बाजारात जातात. भरपाईचा दावा हरित लवादाकडे पाच वर्षांच्या आत करता येतो, आपल्या बाजूचं खंडपीठ पुण्याला आहे. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी बंदर आणि भरावामुळे मासेमारी गेली म्हणून दाद मागितली तेव्हा ह्याच खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी द्या असा आदेश दिला होता. आदेश आणि हातात पैसे ह्यात किती अंतर असतं ते उरणकरांना विचारा, पण १,६३० हा आकडा आभाळातून पडत नाही, तो घरं मोजून येतो. सहकारी सोसायटीच्या नोंदी, डिझेलच्या पावत्या, विकलेल्या माशांच्या चिठ्ठ्या, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. पूर येतो आपल्याकडे.

प्रश्न : आमचं गाव प्रकल्पाच्या विरोधात एकजुटीनं उभं आहे. पण तीन घरांनी गुपचूप जमीन विकली. गावकीने बैठक घेऊन ठरवलं की शिमग्याला पालखी त्यांच्या दारात जाणार नाही, कोणी त्यांच्याकडे जेवायचं नाही, त्यांच्या किराणा दुकानात जायचं नाही. काही पोरं म्हणतात हे बरोबर नाही. पण एवढी शिस्त नसेल तर आंदोलन टिकेल कसं? तुम्ही आंदोलनवाल्या म्हणून विचारतो. (रत्नागिरी तालुका)

उत्तर : आंदोलनवाली म्हणूनच सांगते, पोरं बरोबर आहेत आणि गावकी चुकते आहे.

आधी कायद्याचं उरकून टाकू. वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा, अमलात आला जुलै २०१७ मध्ये, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं टाकणं नाही, त्यासाठी बैठक भरवणं, दबाव आणणं, साथ देणं हेही त्यात येतं. आणि हा कायदा झाला त्याला रायगड-रत्नागिरीतल्या वाळीत प्रकरणांचा मोठा हात आहे, हे आपण छाती पुढे काढून सांगावं असं काही नाही. त्या तीन घरांतल्या एकाने पोलिस ठाण्यात अर्ज दिला की तुमच्या समितीचे सगळे पुढारी एका दिवसात आरोपी. प्रकल्पवाल्यांनी लाखो रुपये खर्चून जे जमलं नसतं ते तुम्ही फुकटात करून देताय.

पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. जरा बघा तुम्ही काय बंद केलंत. पालखी. वर्षभर बंद असलेलं घर ज्या दिवशी उघडतं, अंगण सारवतात, दारात रांगोळी, म्हातारी ओटीचं ताट घेऊन सकाळपासून बसलेली असते, ढोल वरच्या घाटीवर वाजायला लागतो, शेजारच्या घरी पालखी नाचते आणि मग ह्यांचं दार टाळून पुढे जाते. त्या म्हातारीने जमीन विकली का हो? तिला तर विचारलं पण नसेल. आपल्याकडचे सातबारे तुम्हाला ठाऊक आहेत, एका गटावर बावीस नावं, त्यातली दहा वारलेली, सहा मुंबईला, दोन बहिणींनी हक्कसोड दिलंय की नाही ते त्यांना पण माहीत नाही, आणि एक भाऊ पॉवर ऑफ ॲटर्नी घेऊन सही करून मोकळा. शिक्षा कोणाला, तर जो गावात राहिला त्याला. विकणारा ठाण्याला फ्लॅटमध्ये बसलाय.

आणि हे आपल्याच कोकणात. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन पाणी प्यायला गेले, ते कशासाठी? सार्वजनिक तळं असून माणसांना हात लावू देत नव्हते म्हणून. गावाने एकत्र बसून काही माणसांना पाणी, देव, जेवण तोडायचं, ह्याच रीतीविरुद्ध ती लढाई होती. तीच रीत आपण पर्यावरणाच्या नावाने वापरायची? कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे आप्पासाहेब पटवर्धन, त्यांना कोकणचे गांधी म्हणतात, तो ब्राह्मण माणूस १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात मला भंगीकाम द्या म्हणून उपाशी बसला, गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास केला. अशा माणसांच्या मुलखात शिस्त म्हणजे वाळीत, एवढंच आपल्याला सुचावं हे मला पटत नाही.

मग करायचं काय. त्या तीन घरी जा, ओरडायला नाही, विचारायला. विकलं का? कर्ज होतं, मुलीचं लग्न होतं, की हिस्सा जाईल म्हणून घाई केली? बऱ्याच ठिकाणी नुसतं इसारपत्र झालेलं असतं, खरेदीखत नाही, आणि वारसाने हरकत घेतली तर व्यवहार थांबतो. हे त्यांना कोण सांगणार, तुम्ही बोलायचंच बंद केलंत तर? विकलं असेल आणि परत येणार नसेल तरी तो माणूस उद्या साक्षीदार आहे, त्याला काय भाव सांगितला, कोण एजंट आला, काय धमकी दिली, हे त्यालाच माहीत. वाळीत टाकलेला माणूस कोणाच्या बाजूने साक्ष देईल ते सांगायला नको.

पुढच्या बैठकीत हा ठराव रद्द करा आणि रद्द केल्याचं लिहा. मानकऱ्यांना पटत नसेल तर गुरवाला मध्ये घाला, तो सगळ्यांच्या घरी जातो.

प्रश्न : ह्या सगळ्याचा उपयोग होतो का? प्रकल्प इथून गेला की तिथे उभा राहतो. (पेण तालुका)

उत्तर : पेणहून हा प्रश्न यावा ह्याची गंमत वाटली. २१ सप्टेंबर २००८ ला तुमच्याच तालुक्यातल्या २२ गावांत सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही ह्यावर सरकारने मतदान घेतलं होतं, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली शेती आहे आणि ती पिकाखालीच राहू द्या हा मुद्दा लोकांनी धरून ठेवला होता, आणि पुढे ते भूसंपादन बारगळलं. आपल्याच जिल्ह्यात चरीच्या कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा संप १९३३ ला सुरू केला तो जवळजवळ सहा वर्षं चालला, आणि १९३९ मध्ये कूळ कायदा आला. उपयोग होतो. वेळ लागतो, इतका की सुरू करणारे कधी कधी बघायला नसतात.

पण तुमचं दुसरं वाक्य मला जास्त छळतं. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली, फटाके वाजले, आणि मग त्याच राजापूर तालुक्यातलं बारसू. त्याआधी ९३-९४ च्या सुमाराला रत्नागिरीकरांनी स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना नको म्हणून घालवला, तो तमिळनाडूत तुतिकोरीनला उभा राहिला, आणि मे २०१८ मध्ये तिथे त्याच कारखान्याविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसं गेली. आपण जिंकलो होतो ना? म्हणून मला ‘आमच्या गावात नको’ ही घोषणा अपुरी वाटते. नको तर का नको, मग रोजगार कशाने, आंबा-काजू प्रक्रिया, मासळी, पर्यटन, जे काय ते, हे बोलायला हवं, आणि प्रकल्प जिथे सरकतोय तिथल्या लोकांना आपले कागद पाठवायला हवेत. नाणारच्या लोकांकडे जमलेली माहिती बारसूच्या उपयोगी पडतेच. मंडणगडच्या वेळासला २००२ पासून कासवांची अंडी राखायचं काम चिपळूणच्या संस्थेने गावाला घेऊन सुरू केलं, आज लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात आणि गावातल्या घरांतनं जेवतात राहतात. त्याने सगळ्या कोकणाचं पोट भरणार नाही, मला कल्पना आहे, पण सुनावणीत कोणी ‘तुम्हाला विकास नको का’ म्हटलं तर दाखवायला काहीतरी आहे.

प्रश्न : संघर्ष समितीकडे मुंबईहून बऱ्यापैकी वर्गणी जमलीय. सध्या खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात आहे. माणूस चांगला आहे. काही अडचण? (मालवण तालुका)

उत्तर : माणूस चांगला आहे म्हणूनच त्याला वाचवा. उद्या कोणी एक मेसेज फिरवला की ‘समितीचे पैसे कुठे गेले’, तर चांगुलपणा दाखवायला पासबुकात वेगळी ओळ नाही. बँकेत समितीच्या नावाचं खातं काढा, त्यासाठी समिती नोंदवावी लागली तर नोंदवा, दोघांच्या सहीने पैसे निघतील असं करा आणि त्यात एक सही बाईची असू दे. तोवर छापील पावतीबुक, नंबर घातलेलं. निवडणुकीच्या तोंडावर कुठलाही इच्छुक पाकीट घेऊन आला तर नको म्हणा, पावती फाडून पण नको. मंडळाच्या सत्यनारायणाच्या फंडात हे पैसे मिसळू नका. दर तीन महिन्यांनी जमाखर्च ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, जीपचं भाडं, झेरॉक्स, वकिलाची फी, वडापाव, सगळं, आणि पावतीची स्थळप्रत कितीही जुनी झाली तरी टाकू नका, इन्कम टॅक्सवाले विचारतात तेव्हा तीन तीन वर्षांपूर्वीचं विचारतात.